ठेका धरता येतो का?

प्रश्न: मुलगा नववीत आहे. बारावीनंतर तबलाच करायचा म्हणतो. तबल्यावर पोट भरतं का, खरंखरं सांगा.
– एक आई, नाशिक

ताई, भरतं. पण मैफलींवर नाही. मैफल म्हणजे सणाचं जेवण. रोजची पोळी वेगळीकडून येते. माझंच सांगतो, मी बडोद्यात तबला वाजवतो. सकाळी कथकच्या वर्गात साथ. तत्कार, म्हणजे पायांनी वाजवायचे बोल, चालू असतो, मुलींचे पाय पुढेमागे होतात, माझा तीनताल हलता कामा नये. संध्याकाळी डांडिया बाजारातल्या घरी शिकवण्या. परीक्षांच्या दिवसांत गाणाऱ्या परीक्षार्थींना साथ, अधूनमधून भजन. आणि नवरात्र! बडोद्यात त्या नऊ रात्री हींच हा गरब्याचा ताल वाजतो, सहा मात्रांचा, तासन्तास. हल्ली ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवणारे वाढलेत, तरी जुन्या चालीचे गरबे गाणाऱ्यांना तबला-ढोलक लागतोच. आमच्यातल्या पुष्कळांची दिवाळी त्यावर होते. याला नाक मुरडणाऱ्या शास्त्रीयवाल्याच्या घरचं भाडं बहुधा दुसरं कोणी भरत असावं.

पदवीचं म्हणाल तर इथली सोय जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं गवई मौलाबक्षांनी १८८६ साली संगीतशाळा सुरू केली. सुरसागर तलावाकाठची विद्यापीठाची आजची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी ही तिचीच पुढची पिढी. तिथे अजराडा घराण्याचे तबलावादक सुधीरकुमार सक्सेना सर वर्षानुवर्षं शिकवत होते. उस्ताद हबीबुद्दीन खाँसाहेबांचे ते शिष्य. मेरठजवळच्या अजराडा गावाचा हा बाज, म्हणजे वाजवण्याची शैली, आडव्या लयीतले कायदे (बोलांच्या रचना), डग्ग्यावर हात घासून काढलेली ती घसीट, इथे रुजला तो त्यांच्यामुळे. कागदाचा उपयोग मात्र नोकरीच्या अर्जापुरता. खरा फायदा असा की त्या वर्षांत गाणारे, सतारिये, नाचणाऱ्या मुली वर्गमित्र म्हणून भेटतात आणि पुढची निम्मी कामं त्यांच्याकडूनच येतात.

मुलाला एवढंच विचारा: गायकाच्या मागे अर्धा तास नुसता विलंबित एकताल धरायला आवडेल का? बाराच मात्रा, पण आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, कधीकधी मिनिटभर चालतं. मधल्या जागा भरून टाकायची खाज आवरते का? कार्यक्रमपत्रिकेत नाव खाली, बारीक अक्षरात असतं, कधी नसतंही; ते चालेल का? 'हो' म्हणाला तर त्याच्या आड येऊ नका. 'नाही' म्हणाला तर इंजिनिअर होऊन हौसेनं वाजवू दे, त्यातही कमीपणा नाही.

प्रश्न: पावसाळ्यात तबला सारखा उतरतो. पुडी बदलू का?
– एक वाचक, रत्नागिरी

नको. दमट हवेत पुडीचं चामडं ओल धरतं, सैल पडतं आणि स्वर खाली जातो. आधी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, हलक्या हातानं हातोडी चालवा, समोरासमोरची घरं (पट्ट्यांमधल्या जागा) घेत. तेवढ्यानं भागलं नाही तरच गट्टे, म्हणजे पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे. पावसाळाभर गट्टे ठोकलेत आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते सैल करायला विसरलात, तर तीच पुडी फाटेल. पुडीवरच्या काळ्या शाईचे कण बोटाला लागू लागले, आवाज खरखरला, तर मात्र बदला.

प्रश्न: व्हिडिओ बघून रेले (जलद बोलांच्या लडी) बसवलेत, चौपटीत स्वच्छ वाजतात. तरी आमच्याकडच्या गायिका मला साथीला बोलावत नाहीत. का?
– एक तरुण, सोलापूर

मित्रा, कारण त्यांना रेला नको असतो. झाकीरभाईंचे सोलो बघून माझ्याकडेही मुलं येतात. चार महिन्यांत आया विचारतात, "साहेब, स्टेज पर क्यारे वगाडशे?" म्हणजे स्टेजवर कधी वाजवणार? मी म्हणतो, आधी रूपक ताल धरू दे. सातच मात्रा, पण सुरुवात खालीनं, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेनं. तिथे भल्याभल्यांचा गोंधळ उडतो.

गायिका आलापात असताना तू काय करतोस, ते एकदा रेकॉर्ड करून ऐक. ती एखादी जागा बांधत असते आणि तू तेवढ्यात तुकडा, म्हणजे बोलांची छोटी रचना, टाकतोस, असं होत असणार. तिनं बंदिशीचा मुखडा धरून तुझ्याकडे पाहिलं, तर वाजव. नाही पाहिलं, तर नुसता ठेका: धा धिं धिं धा. घरी एखादी बंदिश स्वतः म्हणत ठेका दे. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठून दिसायला लागते ते बोटांना कळेल. गाता गळा लागत नाही, गुणगुणलं तरी पुरे.

आणखी एक शंका आहे. तुझ्याकडे तबला कुठल्या पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वराला लागणारा? बहुतेक मुलांकडे एकच असतो, काळी एकचा. काळी चारला सा धरून गाणारी असेल तर तो तिच्या मध्यमाला (म) खपून जाईल, रागात मध्यम असला तर. काळी पाचला गाणारीपुढे तोच घेऊन बसलास तर तिला प्रत्येक 'ना' या बोलाला कोमल गंधार (उतरलेला ग) ऐकावा लागेल. शुद्ध गंधाराचा भूप राग गायची असली तर बघायलाच नको! लहान तोंडाचा दुसरा तबला घे, नाहीतर कुणाकडून मागून आण. आणि बैठकीच्या आदल्या दिवशी फोन करून तिचा स्वर विचार. तेवढं विचारणारा तबलजी कोणाही गायिकेला आवडतो.