खाडी म्हणजे नदीच ना? दाभोळ खाडीकाठच्या माणसाचं उत्तर

तुम्ही विचारलंय की खाडी म्हणजे नदीचंच तोंड ना, मग वेगळं नाव कशाला आणि तिथली माणसं जगतात कशी. माझं लहानपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ खाडीच्या काठावर गेलं म्हणून लिहितो.

नकाशात बघाल तर ही वाशिष्ठी नदी. चिपळूणवरून येते, वाटेत खेडची जगबुडी तिला मिळते आणि दाभोळ-अंजनवेलला समुद्र. पण भरतीचं पाणी पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढतं, म्हणजे चाळीसेक किलोमीटर आत, आणि तेवढी सगळी आमच्यासाठी खाडी, कारण तिथे पाणी दिवसातून दोनदा उलटं वाहतं. हिमयुग संपताना समुद्र शंभर मीटरहून जास्त वर आला आणि नदीची खालची दरी त्यात बुडाली, म्हणून तर दोन्हीकडचे डोंगर असे थेट पाण्यात उतरलेले दिसतात.

आता जगण्याचं. आमच्याकडे घड्याळाच्या आधी तिथी बघतात. आजोबांनी शिकवलेला हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. पुढे रोज पाऊण तास उशीर. होडी कधी काढायची, तरीवर, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीवर, कधी जायचं, सगळं यावरून ठरायचं. डोल जाळं, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, पाण्याच्या ओढीवर चालतं म्हणून ते उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीला लावायचं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला पाणी मंद असतं तेव्हा जाळी दुरुस्त करायची. आणि उधाणाची ओहोटी लागली की बायका गुडघाभर चिखलात तिसऱ्या नि कालवं ही शिंपल्यातली मासळी काढायला उतरणार, हे काम बघायला सोपं वाटतं पण कालवाच्या धारेने पाय कापतात, आईच्या पायावरचे वण मला अजून आठवतात.

दाभोळ बंदर एकेकाळी फार मोठं होतं, बहमनी आणि आदिलशाही काळात परदेशी जहाजं इथे लागायची, 1508 च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांच्या व्हाइसरॉय अल्मेडाने ते जाळलं. काठावरची अंडा मशीद त्या आदिलशाही दिवसांतलीच. नंतर गाळ साचत गेला. आता बंदरात मासेमारीच्या बोटी आणि 2003 पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट, गाडीसकट पलीकडे, नाहीतर रस्त्याने केवढा वळसा पडतो!

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कोयना धरणाचं पाणी वीज करून पोफळीला खाली सोडतात आणि ते वाशिष्ठीतून इकडे येतं, वर्षाला साधारण साडेसदुसष्ट टीएमसी, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट. त्यामुळे बाकीच्या नद्या मे महिन्यात आटतात तेव्हासुद्धा आमच्या खाडीला वरून गोडं पाणी चालू असतं. पण वरच्या कारखान्यांचं केमिकलचं पाणी पण त्याच वाटेने येतं, मेलेली मासळी काठाला लागलेली मी स्वतः बघितलीय, आणि ज्यांचं पोट फक्त खाडीवर आहे त्या भोई आणि दालदी या मासेमारी करणाऱ्या लोकांनी मग काय करायचं? याचा मला खरंच राग येतो.

बघायला येणार असाल तर पौर्णिमा-अमावस्येला या, साडेअकराच्या आसपास भरती आणि साडेपाचला ओहोटी, सकाळच्या फेरीबोटीने धोपाव्याला जा आणि संध्याकाळच्या बोटीने परत या, जाताना जे पाणी बघाल ते येताना ओळखू येणार नाही.