फॉर्म बी मधला आकडा

प्रिय,

तुझा मेल रात्री दोनला आलेला दिसला. पहिल्यांदा उंदीर हाताळला त्या दिवशी मीही जेवले नव्हते.

सर्पदंशाच्या इंजेक्शनवर काम करायचं म्हणतेस. कोकणात फुरसं चावलं, की माणूस वाचतो तो घोड्याच्या रक्तातून काढलेल्या औषधावर. घोड्याला थोडंथोडं विष टोचत जायचं, प्रतिविष तयार झालं की रक्त काढायचं. मग ती बॅच लागू पडते का, हे उंदरांवर बघायचं. विष आणि प्रतिविष मिसळून अर्धा तास ठेवायचं, अठरा-वीस ग्रॅमच्या उंदराच्या शेपटीतल्या शिरेत टोचायचं आणि चोवीस तासांनी मेलेले मोजायचे. एक मिलिलिटरने नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हायला हवं, फुरशाचं ०.४५.

हे बरोबर का, असं तू विचारलंस. इतक्या वर्षांत मला मन निवांत करणारं उत्तर मिळालेलं नाही. ज्यांना मिळालंय, त्यांच्याशी माझं फार जमत नाही, मग ते कुठल्याही बाजूचे असोत. पण फुकट गेलेल्या उंदराबद्दल मला शंका नाही.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या नळ्यांवरची पेनने लिहिलेली लेबलं बर्फाच्या पाण्यात पुसली गेली. कुठली नळी कुठली, ते मी अंदाजाने ठरवलं आणि काम रेटलं. चाळीस उंदीर गेले, आकडे जुळेनात. प्रयोग पुन्हा केला, आणखी चाळीस. गाईडनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी होतीच.

म्हणून फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, स्वतः भर. 'पर्याय का नाही' या रकान्यात सीनियरचा जुना परिच्छेद चिकटवायची पद्धत सगळीकडे आहे, उंदरांचा आकडाही तिथूनच येतो. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडलेले ते तीन आर (रिप्लेसमेंट, रिडक्शन, रिफाइनमेंट: प्राण्याला पर्याय शोधा, प्राणी कमी वापरा, त्यांचा त्रास कमी करा) असे कागदावर पाळले जातात. तू आधी एलायझा, म्हणजे प्रतिविष विषाला धरतं का हे प्राण्याविना दाखवणारी चाचणी, करून बघ, कमजोर बॅच बऱ्याचदा तिथेच गळते. पेशींवरच्या आणि पेशी वाढवलेल्या चिपवरच्या चाचण्यांना २०२३ पासून आपल्या नव्या औषधांच्या नियमांतही जागा आहे. आकडा किती हवा, ते स्टॅटिस्टिक्सवाल्याकडे बसून काढ. कमी उंदीर घेऊन निकाल अर्धवट आला तर तेही वायाच.

आणि टोचून झालं की सरळ घरी जाऊ नकोस. रात्री एकदा पिंजऱ्यापाशी जा. डोळे अर्धे मिटलेले, कान मागे गेलेले, अंग आक्रसून कोपऱ्यात बसलेला दिसला, तर त्याला दुखतंय. उंदरांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी २०१० पासून आहे, प्रिंट काढून प्राणीगृहात लाव. कुठल्या अवस्थेला त्याला वेदनेविना मरण देऊन सोडवायचं, चोवीस तासांची वाट न बघता, ते फॉर्ममध्येच लिहून ठेव. कमिटीत कोणी हरकत घेतली तर मला फोन कर, मी बोलते.

लेबलं चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिही. बर्फात पुसत नाहीत.