‘चालेल ना?’ असे विचारण्याआधी

मार्च महिना लागला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. यंदा तो असा आला : ‘ईस्टरला जोडून सगळ्या कुटुंबाने तीन दिवस समुद्रकिनारी जावे असे मला वाटते, परंतु विषय काढला की घरात वाद होतो आणि शेवटी सगळे घरीच बसतात. आमच्या घरात काही बिघडले आहे का?’ बहुधा काहीच बिघडलेले नसते. पण एवढ्या उत्तराने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून 2024 सालच्या एका कुटुंबाविषयी लिहिते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

बोरिवलीला राहणाऱ्या त्या बाई चाळिशीच्या होत्या. नवरा बँकेत अधिकारी, मुलगी दहावीला आणि सासूबाई मूळच्या वसईच्या किनाऱ्यावरच्या कॅथलिक कुटुंबातल्या. बाई स्वतः हिंदू घरातून आलेल्या. शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, 29 मार्चला होता, ईस्टर 31 मार्चला, आणि मुलीचा शेवटचा पेपर 26 मार्चला संपत होता. या तारखा जुळलेल्या पाहून त्यांनी अलिबागजवळच्या नागावच्या एका कॉटेजला आगाऊ रक्कम भरली आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितले, ‘शुक्रवार ते रविवार अलिबागला जाऊ, चालेल ना?’ सासूबाई म्हणाल्या, ‘शुभ शुक्रवारी कोणी मजा करायला जातं का?’ नवरा म्हणाला, ‘मार्चअखेर आहे.’ मुलीने ताट उचलले आणि ती खोलीत गेली.

‘मॅडम, मला त्यांच्यातलं काही कळत नाही, असंच आईंना म्हणायचंय. आणि ह्यांना नेहमी बँक आडवी येते,’ असे त्या मला सांगत होत्या. आवाजात राग कमी होता, थकवा जास्त.

आगाऊ रक्कम भरून झाल्यावर विचारलेला ‘चालेल ना?’ हा खरे तर प्रश्न नसतो. त्याला ‘हो’ म्हटले तर मान तुकवल्यासारखे वाटते आणि ‘नाही’ म्हणायचे तर कारण द्यावे लागते. मग माणूस जवळचे सर्वांत प्रतिष्ठित कारण पुढे करतो. ते कारण खोटे असतेच असे नाही, पण पुष्कळदा त्याच्याआड दुसरे काही दडलेले असते. मी बाईंना एवढेच सुचवले, की कुठे जायचे आणि कधी जायचे हे दोन्ही विषय आठवडाभर बंद ठेवावेत आणि प्रत्येकाला विचारावे : सुट्टीतला कोणता एक तास हातचा जाऊ नये असे तुम्हाला वाटते?

पुढच्या भेटीला नवरा आणि सासूबाई सोबत आल्या. मुलीचा अभ्यास चालू होता, तिने चिठ्ठी पाठवली होती : ‘मला दहा वाजेपर्यंत कोणीही उठवू नये.’ नवऱ्याच्या कारणात तर काहीच दडलेले नव्हते. त्या वर्षी 31 मार्च रविवारी आला होता आणि सरकारी व्यवहार करणाऱ्या शाखा त्या दिवशी उघड्या ठेवाव्यात, असे रिझर्व्ह बँकेने नुकतेच कळवले होते. ईस्टरच्या दिवशी तो कामावर असणार होता, दुसऱ्या दिवशीही वार्षिक हिशेबात अडकणार होता. बाई काही वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. प्रत्येक नकाराआड बहाणाच शोधायचा नसतो, हे अशा वेळी माझ्याही पुन्हा लक्षात येते.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र मीच चुकले. त्यांची अडचण केवळ श्रद्धेची आहे असे समजून मी उत्साहाने सांगितले, की रेवदंड्याजवळ कोर्लईला जुनी कॅथलिक वस्ती आणि चर्च आहे, त्यामुळे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकणार नाही. त्या काहीच बोलल्या नाहीत. मांडीवरच्या रुमालाची एकेक घडी घालत त्यांनी बऱ्याच वेळाने विचारले, ‘गेटवेला लाँचमध्ये उतरायला पायऱ्या किती आहेत?’ मग हळूहळू सगळे बाहेर आले. गुडघे दुखतात, ओल्या पायऱ्यांची भीती वाटते, लघवीला वारंवार जावे लागते आणि तासभर बोटीत अडकलो तर काय, हे मुलाला सांगायची लाज वाटते. ‘शुभ शुक्रवारचा उपवास खरा, पण तेवढंच नव्हतं,’ असे त्या सुनेकडे न पाहता म्हणाल्या.

लाज बोलून झाल्यावर उरलेली अडचण साधी होती. भाऊच्या धक्क्यावरून अलिबागकडच्या मांडव्याला रो-रो बोट जाते; गाडी थेट बोटीत चढवता येते आणि बोटीवर स्वच्छतागृह असते. तारखेचे उत्तर सासूबाईंनीच दिले. ‘आमच्यात ईस्टर एका दिवसाचा नसतो, आठ दिवसांचा असतो. मिस्सा इथेच होऊ दे, मग मंगळवारी निघू. त्या दिवशी अष्टमी आहे, पाण्याला भांग असेल.’ किनाऱ्यावर वाढलेल्या बाईचे हे ज्ञान घरात कोणी कधी विचारलेच नव्हते. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे त्याच्या आगेमागे समुद्राला पौर्णिमेचे उधाण असू शकते. पौर्णिमेनंतर आठवडाभराने, अष्टमीच्या सुमारास, भरती-ओहोटीतला फरक बराच कमी होतो; यालाच भांग म्हणतात. पोहायला उतरणाऱ्यांनी तरीही त्या दिवसाच्या वेळा गावातल्या माणसांकडून विचारून घ्याव्यात, हे प्रश्नकर्तीलाही सांगते. शिवाय मंगळवारी शनिवार-रविवारसारखी गर्दी नसते.

बाईंचा स्वतःचा तास विचारायचा राहूनच गेला होता. त्या निघताना दारातून परत आल्या आणि म्हणाल्या, ‘सकाळी नाश्त्याला काय करायचं, हे मला कोणी विचारू नये.’

कॉटेजमालकांनी रक्कम परत दिली नाही, पण तारीख बदलून दिली. 2 एप्रिलला ते निघाले. नंतर बाईंनी फोनवर सांगितले, की बोटीवर पाऊल ठेवताच आईंनी आधी स्वच्छतागृह पाहून घेतले, आणि मग मांडवा येईपर्यंत त्या वरच्या डेकवरून हलल्या नाहीत. मुलगी साडेदहाला उठली. नवऱ्याला बँकेतून दोनदा फोन आला, त्यावरून थोडे भांडणही झाले.