गाठ काढायच्या आधी घसा नीट बघून घ्या

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली, तेव्हाच उत्तर लिहायचं होतं पण सकाळचे डबे उरकून आता बसलेय. बाबा 56 वर्षांचे, उजव्या जबड्याखाली न दुखणारी गाठ, दोन महिने झाले, अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊनही तशीच, सोनोग्राफीत पाणी भरलेली दिसली, एफएनएसीत (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासतात ती) कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, आणि आता सर्जननी पुढच्या आठवड्यात काढून टाकू म्हणून तारीख दिलीय. तुम्ही विचारलंय की ऐरोलीतच करू का मोठ्या हॉस्पिटलला नेऊ. पण शेवटी सहज म्हणून एक ओळ टाकलीय ना, की उजवा कान अधूनमधून ठणकतो आणि कानाच्या डॉक्टरांना कानात काही सापडलं नाही, ती वाचून माझ्या पोटात गोळाच आला. आमच्या ह्यांचं अगदी हेच होतं, फक्त डाव्या बाजूला.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, ठाण्यात राहणारी साधी गृहिणी आहे, आणि तुमच्या बाबांना तेच असेल असं अजिबात म्हणत नाहीये. साधी सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ, असू शकते, टीबी असू शकतो. पण माझं मत विचाराल तर आधी ती तारीख पुढे ढकला आणि हेड अँड नेक कॅन्सरचं काम रोज करणाऱ्या डॉक्टरांना घसा दाखवा.

कारण सांगते. टॉन्सिलचा किंवा जिभेच्या मुळाचा कॅन्सर खूपदा घशात काहीच त्रास देत नाही, पहिली खूण मानेतली गाठच असते. टॉन्सिलमधलं कॅन्सरचं मूळ अगदी लहान आणि खोबणीत लपलेलं, आणि मानेतली ग्रंथी मात्र लिंबाएवढी. ती ग्रंथी आतून पोकळ होऊन पाण्याने भरते, म्हणून सोनोग्राफीत सिस्ट दिसते, आणि सुईत नुसतं पाणीच आलं तर पेशी दिसणार कुठून? म्हणजे रिपोर्ट खोटा नसतो, सुई चुकीच्या जागी गेलेली असते. सोनोग्राफीत बघत बघत गाठीच्या भिंतीतून, घट्ट भागातून परत एफएनएसी करता येते, तरी कळलं नाही तर जाड सुईची कोर बायोप्सी. आणि कानाचं म्हणाल तर टॉन्सिलची आणि कानाची नस एकच, त्यामुळे दुखणं घशातलं आणि ठणका कानात, असं होतं. अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेने 2017 मध्ये मोठ्या माणसांच्या मानेतल्या गाठीसाठी नियम काढलेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की इन्फेक्शनची लक्षणं नसताना अँटिबायोटिक देत बसू नका, पाण्याची गाठ आहे म्हणून ती साधीच असं धरून चालू नका, आणि कापून बायोप्सी करायच्या आधी भूल देऊन घसा आतून तपासा. आमच्याकडे यातला एकही नियम पाळला गेला नाही.

आमच्या इथल्या एका नर्सिंग होमचे सर्जन (नाव लिहीत नाही, मेसेज करून विचारलं तरी सांगणार नाही) म्हणाले ब्रँकियल सिस्ट आहे, जन्मापासूनची असते, छोटं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी. मी तेव्हा विचारलं होतं की ह्यांना पन्नाशीत कशी काय एकदम आली जन्मापासूनची गाठ? त्यावर उत्तर आलं, काही काही वेळा येते उशिरा. चाळिशीच्या पुढे मानेत नवीन पाण्याची गाठ आली तर ती कॅन्सरची नाही हे आधी सिद्ध करायचं असतं, हे मला पुढे कळलं, पण त्यांना तर माहीत असायला हवं होतं ना! तोंड उघडून टॉर्च मारला, आ करा म्हणाले, घसा छान आहे म्हणाले, संपलं.

गाठ काढली. रिपोर्ट आला मेटास्टॅटिक स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर दुसरीकडून आलेला, मूळ शोधा. मग ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी हातमोजा घातला, ह्यांच्या तोंडात बोट घालून आधी उजवा टॉन्सिल दाबला मग डावा, आणि डाव्यावर बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं की हा कडक लागतोय. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. तोवर इतक्या जणांनी तपासलं होतं, बोट कोणीच घातलं नव्हतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, टॉर्चवर समाधान मानू नका, दोन्ही टॉन्सिल आणि जिभेचं मूळ बोटाने दाबून बघितलं का आणि नाकातून दुर्बीण घातली का हे विचारा. विचारायला लाजू नका.

आधी गाठ कापल्याने काय बिघडलं असं आमच्या दिरांनीही विचारलं होतं, निघाली ना, बरंच झालं. बरं नाही झालं. ऑपरेशनच्या नोटमध्ये लिहिलेलं की काढताना गाठ फुटली. म्हणजे ते पाणी मानेत सांडलं. त्यामुळे टाक्यांची जागासुद्धा रेडिएशनमध्ये घ्यावी लागली, आणि कदाचित नुसत्या रेडिएशनवर भागलं असतं तिथे केमोही जोडावी लागली. ह्यांचा डावा खांदा आजही पूर्ण वर जात नाही, वरच्या फळीवरचा डबा मीच काढून देते.

आणि मग ब्लॉक. तपासलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि मोठ्या हॉस्पिटलला नुसता कागद चालत नाही, स्लाइड आणि ब्लॉक स्वतः तपासायचे असतात. त्याच ब्लॉकवर पी16 ची टेस्ट होते, कॅन्सर विषाणूमुळे झालाय का ते बघायची. नर्सिंग होम म्हणे लॅबकडे जा. लॅबच्या खिडकीवरचा मुलगा रजिस्टर चाळून म्हणे सॅम्पल आम्ही पुढच्या लॅबला पाठवलं होतं, त्यांच्याकडे. पुढची लॅब म्हणे पेशंटला देत नाही, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं पत्र आणा. पत्र आणलं तर त्यावर लॅब नंबर नाही म्हणून परत. नवरा घरी रोज मानेला हात लावून बघतोय आणि मी तीन खिडक्यांमधून फिरतेय, कोणी आवाज चढवून बोलत नव्हतं, सगळे अगदी गोड बोलत होते, काम मात्र कोणी करत नव्हतं. तो संताप अजून गेलेला नाही माझा. त्या तुकड्यावर माणसाचा इलाज ठरणार असतो हो!

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, बाबा तंबाखू-सिगरेट काहीच घेत नाहीत मग कसं शक्य आहे. आपल्याकडे घशाचे कॅन्सर अजूनही जास्त करून तंबाखू, सुपारी, दारूनेच होतात हे खरंच. पण टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा एक प्रकार एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, बहुतेक वेळा त्याचा 16 नंबरचा प्रकार, आणि त्यात व्यसन नसलेली माणसंही असतात. पी16 टेस्ट त्यासाठीच. आमचं पॉझिटिव्ह आलं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो असं नेटवर वाचून एका नातेवाईक बाईंनी माझ्यासमोर ह्यांच्या चारित्र्यावर बोट ठेवलं, म्हणून मुद्दाम लिहिते. हा विषाणू इतका सर्रास आहे की संबंध असलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, बहुतेकांचा आपोआप जातो, थोड्यांच्या शरीरात राहतो आणि कॅन्सर व्हायला वीस-तीस वर्षंही लागू शकतात. त्यावरून कोणाचं काही ठरवू नये. बायकोने वेगळी तपासणी करायची गरज नाही, गर्भाशयाच्या तोंडाची नेहमीची पॅप टेस्ट करत राहा, असं मला डॉक्टरांनी सांगितलं.

आणि नेटवर "गाठ मानेत गेली म्हणजे चौथी स्टेज" वाचून घाबरू नका. पी16 पॉझिटिव्ह असेल तर स्टेजचं कोष्टकच वेगळं आहे, 2018 पासून. मूळ लहान आणि गाठ त्याच बाजूला 6 सेंटीमीटरच्या आत असेल तर आता ती पहिली स्टेज धरतात, जुन्या कोष्टकात तीच तिसरी-चौथी असायची. इलाजाला हा प्रकार प्रतिसादही चांगला देतो. (टॉन्सिलमध्ये लिम्फोमा हा वेगळाच कॅन्सरही होतो, त्याचे इलाज पूर्ण वेगळे, म्हणून तुकड्याची तपासणी झाल्याशिवाय कोणीही काही सांगू नये, मीसुद्धा नाही.)

एमआरआय, पेट स्कॅन कशासाठी ते तुम्हाला कळेलच, त्यात जात नाही. एवढंच की स्कॅन आधी आणि टॉन्सिलची बायोप्सी नंतर झालेली बरी, कापल्यावर सूज येते आणि चित्र धूसर होतं.

देव करो आणि गरज न पडो, पण रेडिएशनची वेळ आलीच तर सगळ्यात आधी डेंटिस्ट. किडके दात आधी काढून जखम भरू द्यायची, नंतर त्या भागातला दात काढला तर जबड्याचं हाड खराब व्हायची भीती कायम राहते. रेडिएशन साधारण 7 आठवडे, आठवड्यातले 5 दिवस, मध्ये खाडे नको. चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवतात, बाहेर आल्यावर गालावर जाळी उमटलेली असायची. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघतं, गिळवत नाही. नाकातून नळी घालायला ह्यांनी खूप विरोध केला, माझं मत असं की डॉक्टर म्हणाले तर घालून घ्यावी, कारण वजन उतरलं की मास्क सैल होतो आणि सगळं प्लॅनिंग परत करायची वेळ येऊ शकते. नाचणीची पेज, मुगाचं कढण, सगळं बारीक गाळणीने दोनदा गाळायचं आणि नंतर सिरिंजने पाणी सोडायचं, नाहीतर नळी तुंबते. नळी असली तरी घोट घोट पाणी गिळायची सवय सोडू द्यायची नाही, गिळणं विसरलं की परत आणणं फार कठीण. मीठ आणि खायचा सोडा घालून गुळण्या, दिवसभर. आणि शेजारचे काढे, भस्मं, अमुक गावचे वैद्य, यासाठी इलाज थांबवू नका, हात जोडून सांगते. आता हे ठीक आहेत, कामावर जातात, तोंड कोरडं पडतं म्हणून पाण्याची बाटली लागते आणि थायरॉइडची गोळी सुरू झालीय, मानेच्या रेडिएशननंतर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करत राहावी लागते.

कुठे न्यायचं, तर तुम्हाला ऐरोलीहून खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा कॅन्सर हॉस्पिटलचंच, परळपेक्षा सोयीचं पडेल, ठाणे-पनवेल लोकल थेट खारघरला जाते. फाइल कुठे काढायची ते मात्र आधी फोन करून विचारा. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, फक्त हॉस्पिटल त्या यादीत आहे का ते आधी बघा आणि मंजुरी इलाज सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर कोणी दारात उभं करत नाही.

सर्जनशी भांडण नको. उद्या फोन करून एवढंच सांगा की घरच्यांना दुसरं ओपिनियन घ्यायचंय, तारीख पुढे ढकला. आणि त्याच फेरीत एफएनएसीच्या स्लाइड मागून घ्या, मूळ स्लाइड, रिपोर्टची झेरॉक्स नव्हे. अर्जावर लॅब नंबर लिहा आणि एका प्रतीवर शिक्का आणि सही घेऊनच खिडकी सोडा.