भास होतात म्हणजे भ्रम झाला का?

वेंगुर्ल्याहून आलेला प्रश्न असा: मोतीबिंदू झालेल्या आजीला तिन्हीसांजेला खळ्यात बायका उभ्या दिसतात. ती स्वतःच सांगते, "माका दिसतत, पण ती खरी न्हय, ह्या माका म्हायत आसा." घरचे म्हणतात तिला भ्रम झालाय. हे बरोबर आहे का?

नाही. तिला भास होतात, पण ती भ्रमात नाही.

'भास्' म्हणजे चमकणे, दिसणे. 'भ्रम्' म्हणजे फिरणे, भटकणे. भ्रमण, भ्रमिष्ट आणि आपला भोवरासुद्धा त्याच कुळातले. म्हणून भास होतो आणि सरतो, भ्रमात मात्र माणूस राहतो. भोपळा फुटतो तो भ्रमाचाच. दोरीला साप समजणे यालाही आपण भ्रम म्हणत आलो, पण तिथे निदान दोरी असते. काहीच नसताना दिसणे आणि असलेले भलतेच दिसणे हा भेद पॅरिसच्या एस्किरोल या मनोविकारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात नीट मांडला.

आजीसारखे वर्णन त्याहून जुने आहे. 1760 मध्ये जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांबद्दल लिहिले: दृष्टी अधू, बुद्धी शाबूत, आणि डोळ्यांपुढे माणसे, पक्षी, इमारती. या प्रकाराला आज बोने यांचेच नाव आहे. 1998 मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा रुग्णांचा मेंदू स्कॅनरमध्ये पाहिला. चेहरे दिसणाऱ्यांत चेहरे ओळखणारा भाग जागा होता, रंग दिसणाऱ्यांत रंगांचा. डोळ्यांकडून पुरेसे येत नाही तेव्हा मेंदूचे हे भाग आपणहून काम करू लागतात. त्यामुळे "तुला नुसतं वाटतं गो" असे तिला म्हणू नका. तिला खरोखर दिसते.

मानसोपचारात भ्रम म्हणजे पुराव्याने न हलणारा चुकीचा ठाम समज. त्यालाही मर्यादा आहे. गावाला राखणदार, म्हणजे गाव सांभाळणारी अदृश्य शक्ती, आहे असे मानणारा माणूस भ्रमात आहे, असे कुठलाही जाणता डॉक्टर म्हणणार नाही. अख्ख्या समाजाची श्रद्धा त्या व्याख्येत बसत नाही. शेजारीण माझ्या जेवणात विष घालते, हे कसलाही आधार नसताना कुणी धरून बसले, तर तो शब्द लागू होतो.

डॉक्टरांना सांगताना 'भ्रम झालाय' एवढ्यावर थांबू नका. 'माणसे दिसतात, आवाज येत नाहीत, ती खरी नाहीत हे तिला कळते', जे खरे असेल ते असे सुटे सांगा, आणि आधी डोळे तपासून घ्या.