विमानातून टाकलेला बॉम्ब नेमका कुठे पडतो?

प्रश्न असा विचारला आहे : युद्धात विमानातून बॉम्ब टाकण्याची सुरुवात कधी झाली, ही पद्धत कशी बदलत गेली, आणि केवळ बॉम्बहल्ल्यांच्या जोरावर कधी युद्ध जिंकले गेले आहे का?

विमाने मोठी होत गेली, बॉम्ब जड होत गेले, पल्ला वाढत गेला, हे सगळे खरे आहे. पण अनेक वर्षे हा विषय वाचल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या इतिहासाला खरे वळण दिले ते नेमाच्या प्रश्नाने. टाकलेला बॉम्ब हव्या त्या जागी पडत नव्हता. जवळजवळ साठ वर्षे ही अडचण सुटली नाही, आणि जे साधता येते तेच लक्ष्य म्हणून ठरवण्याकडे सैन्ये हळूहळू सरकत गेली. साधता येत होते ते फक्त शहर.

विमानाच्या आधी फुगे होते. १८४९ मध्ये व्हेनिसला वेढा घालून बसलेल्या ऑस्ट्रियाच्या सैन्याने बॉम्ब बांधलेले, माणूस नसलेले फुगे शहरावर सोडले. वारा मनासारखा वाहिला नाही आणि त्यातून फारसे काही साधले नाही. तरीही या कल्पनेची धास्ती इतकी होती की १८९९ च्या हेग परिषदेत फुग्यांवरून स्फोटके टाकण्यास पाच वर्षांची बंदी घालण्यात आली. १९०७ मध्ये ती पुढे चालवण्याचा ठराव झाला, पण अनेक बड्या सत्तांनी तो मान्य केला नाही. विमानातून पहिला बॉम्ब पडला तो १ नोव्हेंबर १९११ रोजी, लिबियात. इटली आणि ऑटोमन साम्राज्य यांच्यातील युद्धात जुलिओ गावोत्ती या तरुण इटालियन अधिकाऱ्याने आपल्या ‘टाउबे’ विमानातून ऐन झारा आणि ताजुरा येथील तळांवर जेमतेम दोन-दोन किलोंचे चार बॉम्ब टाकले. एका हाताने विमान सांभाळायचे, दुसऱ्या हाताने बॉम्ब मांडीवर घेऊन सज्ज करायचा आणि पंखाला लागणार नाही अशा बेताने बाहेर फेकायचा, असा तो प्रकार होता. त्याने झालेले नुकसान किरकोळ होते. एक पायंडा मात्र पडला.

पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या झेपेलिन हवाई जहाजांनी जानेवारी १९१५ पासून इंग्लंडवर रात्रीचे हल्ले केले. नंतर ‘गोथा’ विमाने आली. १३ जून १९१७ रोजी भर दिवसा लंडनवर झालेल्या त्यांच्या हल्ल्यात १६२ माणसे मारली गेली. त्यातली १८ पॉप्लर भागातील एका प्राथमिक शाळेतली मुले होती. बॉम्ब छतातून आणि वरच्या मजल्यांतून आरपार जाऊन तळमजल्यावरच्या शिशुवर्गात फुटला होता. या हल्ल्यांनी उसळलेल्या संतापातून ब्रिटनने आपल्या हवाई शक्तीची फेररचना केली आणि १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स हे स्वतंत्र दल उभे राहिले. स्वतंत्र दलाला भूदल आणि नौदल यांच्यापेक्षा वेगळे, स्वतःचे असे काम लागते. शत्रूच्या देशात खोलवर जाऊन बॉम्ब टाकणे हे ते काम ठरले, आणि पुढच्या पुष्कळ गोष्टी तिथून सुरू झाल्या.

दोन महायुद्धांमधल्या काळात या कामामागचा सिद्धान्त तयार झाला. इटलीचे जनरल जुलिओ दुए यांनी १९२१ मध्ये मांडले की आघाडीवरचे खंदक ओलांडून थेट शहरांवर स्फोटक, आगलावे आणि विषारी बॉम्ब टाकले, तर नागरिकांचे मनोधैर्य खचेल, ते आपल्याच सरकारला शरण जायला भाग पाडतील आणि युद्ध लवकर संपेल. १९३२ मध्ये ब्रिटिश राजकारणी स्टॅन्ली बाल्डविन यांनी संसदेत सांगितले की बॉम्बफेकी विमान शेवटी शहरापर्यंत पोहोचणारच. म्हणजे बचाव नाही, फक्त आधी आणि जास्त मारा करणे आहे, अशी समजूत रुजली. दरम्यान वसाहतींमध्ये प्रत्यक्ष प्रयोग चालूच होते. इराक आणि वझिरिस्तान येथे भूदल पाठवण्यापेक्षा विमाने पाठवणे स्वस्त पडते म्हणून ब्रिटिशांनी खेड्यांवर बॉम्ब टाकले. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील गेर्निका हे बास्क लोकांचे गाव जर्मन आणि इटालियन विमानांनी जाळले, तेव्हा युरोपला धक्का बसला. मला मात्र या धक्क्यातच एक वेदनादायक असमानता दिसते : जे गेर्निकात झाले ते इतर खंडांतल्या माणसांच्या वाट्याला आधीच आले होते, आणि त्याची फारशी दखल कोणी घेतली नव्हती.

आता नेमाकडे येतो. सहा हजार मीटर उंचीवरून सोडलेल्या बॉम्बला जमिनीवर पोहोचायला सुमारे ३५ सेकंद लागतात. विमान ताशी ३०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तेवढ्या वेळात बॉम्ब जवळजवळ तीन किलोमीटर पुढे सरकतो. म्हणजे लक्ष्य तीन किलोमीटर दूर असतानाच तो सोडावा लागतो. वाऱ्याचा अंदाज सेकंदाला १० मीटरने चुकला, तर बॉम्ब साडेतीनशे मीटर बाजूला पडणार. हे झाले दिवसा, स्वच्छ हवेत आणि खालून तोफा चालत नसताना. दिवसा शत्रूची लढाऊ विमाने टिपतात म्हणून ब्रिटिशांनी रात्रीचे हल्ले सुरू केले होते, आणि वैमानिक परत येऊन लक्ष्यावर बॉम्ब पडल्याचे सांगत होते. १९४१ मध्ये डेव्हिड बेन्सुसन-बट या सरकारी अधिकाऱ्याने त्या वर्षीच्या जून-जुलैमधील शंभर हल्ल्यांची, विमानांतून घेतलेली सहाशेहून अधिक छायाचित्रे तपासली. लक्ष्यावर हल्ला केल्याचा दावा करणाऱ्या विमानांपैकी फक्त एक-तृतीयांश विमाने लक्ष्याच्या आठ किलोमीटरच्या आत पोहोचली होती. धुराने झाकलेल्या रूर या औद्योगिक खोऱ्यावर हे प्रमाण दहात एक होते, आणि अमावास्येच्या सुमारास पंधरात एक.

या संपूर्ण इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा कागद मला हा अहवाल वाटतो. त्यावरून दोन निष्कर्ष काढता आले असते : एक तर या मार्गाने काही साधत नाही म्हणून थांबणे, किंवा चुकणार नाही एवढे मोठे लक्ष्य निवडणे. ब्रिटनने दुसरा मार्ग धरला. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे मनोधैर्य हेच मुख्य उद्दिष्ट ठरले. काही दिवसांत आर्थर हॅरिस बॉम्बफेकी दलाचे प्रमुख झाले आणि ३० मे १९४२ च्या रात्री कोलोनवर एक हजार विमाने पाठवली गेली. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गला कोरड्या, उष्ण हवेत लागलेल्या आगी एकत्र मिळून अग्निवादळ उठले आणि त्या आठवड्यात सुमारे ३७ हजार माणसे मेली.

अमेरिकनांचा आग्रह दिवसा, कारखान्यांवर नेम धरून बॉम्ब टाकण्याचा होता. त्याची किंमत १७ ऑगस्ट आणि १४ ऑक्टोबर १९४३ या दोन दिवशी श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर त्यांना मोजावी लागली. पहिल्या दिवशी रेगेन्सबुर्ग शहरावर झालेला जोडहल्ला धरून, दोन्ही वेळा ६० विमाने परत आली नाहीत. हाच आग्रह जपानवर पूर्ण ढासळला. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी टोकियोजवळच्या एका विमान-इंजिन कारखान्यावर १११ बी-२९ विमाने निघाली आणि त्यातल्या केवळ २४ विमानांना त्या कारखान्यावर बॉम्ब टाकता आले, कारण नऊ हजार मीटर उंचीवर वाऱ्याचा प्रचंड झोत वाहत होता. नवे सेनापती कर्टिस लमे यांनी मग डावच बदलला. विमाने दीड ते पावणेतीन हजार मीटरवर खाली आणली, वजन वाचवण्यासाठी बहुतेक तोफा काढल्या, वेळ रात्रीची ठेवली आणि पोटात आगलावे बॉम्ब भरले. ते बॉम्ब कशासाठी बनवले होते हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील युटा राज्याच्या वाळवंटात १९४३ मध्ये जर्मन आणि जपानी घरांच्या हुबेहूब प्रतिकृती उभारल्या होत्या, जपानी घरांत जमिनीवर तातामी चटया अंथरल्या होत्या, आणि कोणता बॉम्ब कोणत्या घराला किती लवकर आणि न विझणारी आग लावतो याची नोंद ठेवली जात होती. त्या चाचण्यांत सरस ठरलेला, सुमारे पावणेतीन किलोंचा, नापाम (घट्ट केलेले, चिकटून जळणारे पेट्रोल) भरलेला एम-६९ हा बॉम्ब ९ मार्च १९४५ च्या रात्री २७९ विमानांनी टोकियोवर ओतला. सकाळपर्यंत सुमारे ४१ चौरस किलोमीटर शहर जळून गेले आणि ८० हजार ते १ लाख माणसे मेली. पाच महिन्यांनी हिरोशिमा आणि नागासाकी येथे एका विमानातल्या एका बॉम्बने शहर नष्ट झाले. पण शहर हेच लक्ष्य, हा निर्णय त्यापूर्वीच झालेला होता.

यातून युद्ध जिंकले का? मनोधैर्याचा सिद्धान्त खोटा ठरला, असे मी ठामपणे म्हणेन. १९४०-४१ च्या हल्ल्यांत ब्रिटनमध्ये ४० हजारांहून अधिक नागरिक मेले, पण लोकांनी सरकारला शरण जायला लावले नाही. जर्मनांनीही लावले नाही. थकलेला, घर गमावलेला माणूस बंड करत नाही, तो पाणी, भाकरी आणि आसरा शोधतो आणि ते देणाऱ्या राजवटीवर अधिकच अवलंबून राहतो. जर्मनीचे शस्त्र-उत्पादन १९४४ च्या मध्यापर्यंत वाढतच होते. मात्र बॉम्बहल्ले निरुपयोगी होते असे म्हणणेही चूक आहे. मे १९४४ पासून कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर सातत्याने हल्ले झाले, तेव्हा त्यांतून निघणारे विमानाचे इंधन एप्रिलमधील १ लाख ७५ हजार टनांवरून सप्टेंबरमध्ये ५ हजार टनांवर आले, आणि जर्मन विमाने जमिनीवर उभी राहिली. शिवाय शहरांच्या रक्षणासाठी हजारो तोफा आणि लढाऊ विमाने आघाडीवरून मागे आणावी लागली. पण हे यश भूदलाच्या जोडीने मिळाले, आणि ब्रिटिश बॉम्बफेकी दलाच्या सुमारे सव्वा लाख विमानकर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ जणांनी त्यासाठी प्राण दिले. केवळ हवाई हल्ल्यांच्या विजयाचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणून युगोस्लाव्हियाविरुद्धची नाटोची १९९९ ची कोसोवो मोहीम सांगितली जाते. तिथे ७८ दिवसांनंतर युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष मिलोसेविच नमले, परंतु रशियाने पाठिंबा काढणे आणि जमिनीवरून आक्रमण होण्याची शक्यता यांचाही त्यात वाटा होता.

नेमाचा प्रश्न सुटला तो व्हिएतनाममध्ये. थान्ह होआ येथील नदीवरचा पूल पाडण्यासाठी ३ एप्रिल १९६५ रोजी अमेरिकेने ७९ विमानांचा ताफा पाठवला. क्षेपणास्त्रे पुलाच्या पोलादावर काळे डाग पाडून गेली. पुढे शेकडो उड्डाणे झाली, विमाने पडली, वैमानिक कैद झाले, पूल उभाच राहिला. १३ मे १९७२ रोजी १४ फँटम विमाने लेझरने दिशा मिळणारे बॉम्ब घेऊन आली आणि एकाच हल्ल्यात पुलाचा पश्चिमेकडचा भाग कोसळला. हे होत असताना शेजारच्या लाओसवर मात्र जुन्याच पद्धतीने वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब पडत होते. त्यातले न फुटलेले छोटे क्लस्टर बॉम्ब (मोठ्या बॉम्बमधून विखुरणारे) शेतांत आजही सापडतात आणि आजही माणसे मारतात.

नेम जमल्यावर नवा प्रश्न समोर आला : ज्या जागेवर नेम धरला, तिथे आत कोण आहे हे माहीत आहे का? १३ फेब्रुवारी १९९१ रोजी बगदादमधील अमिरिया येथील निवाऱ्यावर दोन लेझर-बॉम्ब पडले. दोन्ही हव्या तिथेच पडले. हल्ला करणाऱ्या अमेरिकनांच्या मते ते लष्करी केंद्र होते. आत आश्रयाला आलेले चारशेहून अधिक नागरिक मेले. कोसोवो मोहिमेत ७ मे १९९९ रोजी युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेडमध्ये उपग्रहाने दिशा मिळणारे बॉम्ब चिनी दूतावासावर पडले आणि तीन चिनी पत्रकार मेले. अमेरिकेने दिलेले स्पष्टीकरण असे की लक्ष्य शस्त्र-खरेदीचे सरकारी कार्यालय होते आणि त्याची जागा नकाशावर चुकीची नोंदली गेली. चीनने ते कधीच पटवून घेतले नाही. कायदाही याच काळात पुढे आला : जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारानुसार शहरातील वेगवेगळ्या लष्करी ठिकाणांना मिळून एकच लक्ष्य समजून संपूर्ण परिसरावर बॉम्ब टाकणे बेकायदा आहे. कोलोन, हॅम्बुर्ग आणि टोकियोवर जे झाले त्याचेच हे वर्णन आहे. अमेरिकेने या करारावर सही केली, पण त्याला अंतिम मंजुरी आजवर दिलेली नाही.

सध्याच्या युक्रेन युद्धात नेमाचा प्रश्न पुन्हा उघडला आहे. सोव्हिएत काळातील साध्या बॉम्बना पंख आणि उपग्रह-दिशादर्शक बसवून रशिया ते दुरून सोडतो, आणि त्याचे स्वस्त शाहेद ड्रोन २०२२ च्या शरद ऋतूपासून वीजकेंद्रांवर आदळत आहेत. स्वस्त ड्रोन पाडायला अनेकदा त्याच्या कित्येक पट महाग क्षेपणास्त्र खर्ची पडते, त्यामुळे बचाव करणाऱ्याचाच साठा आधी संपण्याची भीती असते. उलट दोन्ही बाजू उपग्रहाचे संकेत जॅम करतात, तेव्हा अचूक म्हणून बनवलेली शस्त्रेही भरकटतात. त्यावर तोडगा म्हणून आता आघाडीवरची लहान ड्रोन मागे ऑप्टिकल फायबरची बारीक तार सोडत उडतात. ती जॅम करता येत नाही, आणि चालवणाऱ्याला आदळण्याच्या क्षणापर्यंत समोरचे चित्र स्पष्ट दिसत राहते.