गणितातला न सुटलेला एखादा प्रसिद्ध प्रश्न उद्या सुटला, तर तुमच्या-आमच्या जगण्यात काय फरक पडेल?

बँकेतले पैसे आहेत तिथेच राहू द्या. प्रश्नाखाली तुम्ही जो व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज दिलाय, 'रीमानचं कोडं सुटलं की इंटरनेटची सगळी कुलपं उघडणार', तो मलाही दोन-तीनदा आलाय आणि तो चूक आहे. आधी त्याचा निकाल लावतो, मग तुमचा पुतण्या गणितात पीएचडी करायचं म्हणतोय आणि तुम्ही 'त्याचा उपयोग काय' विचारताय, त्याकडे येतो.

जर्मन गणितज्ञ रीमानने १८५९ मध्ये मांडलेला, अजून सिद्ध न झालेला अंदाज मूळ संख्या कशा पसरल्यात याबद्दल आहे. आरएसए हे १९७७ चं कुलूप, म्हणजे इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवायची एक पद्धत, टिकतं ते वेगळ्या कारणाने: दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण तो परत फोडणं महाकठीण. दोन्हीकडे मूळ संख्या आहेत, एवढंच नातं. आडनाव एक असलं म्हणून कुणी भाऊबंद होत नाही. शिवाय साधी गोष्ट बघा. रीमानचा अंदाज खरा धरून गणितज्ञ कित्येक दशकं पुढची प्रमेयं मांडत आलेत. तो खरा धरून कुलूप उघडत असतं, तर चोराने सिद्धतेची वाट कशाला बघितली असती? त्यानेही खरा धरला असता आणि कामाला लागला असता.

मी प्राध्यापक वगैरे नाही. बी.एस्सी.ला गणित घेतलं आणि आता सोलापुरात एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात प्लॅनिंग बघतो. कुठला सूत-लॉट कधी रंगवायचा, कुठला माग कुठल्या ऑर्डरला लावायचा, असलं काम. त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी रंगखात्याच्या दारातून बघतो. तिथे एक मोठा न सुटलेला प्रश्न रोज सकाळी साडेआठला माझ्या टेबलावर येतो.

समजा आज एका मशीनवर १२ शेड रंगवायच्या आहेत. पांढऱ्याकडून पिवळ्याकडे, पिवळ्याकडून केशरीकडे जायला फार त्रास नाही. उलट गडद मरूनवरून फिकट गुलाबीवर यायचं तर मशीन पूर्ण धुवावी लागते: पाणी, सोडा, वेळ, सगळंच जातं. म्हणजे प्रत्येक दोन शेडमध्ये बदलाचा वेगळा खर्च, आणि जातानाचा वेगळा, येतानाचा वेगळा. सगळ्यात स्वस्त क्रम कोणता? १२ शेडचे क्रम होतात ४७ कोटी ९० लाख १,६००. सेकंदाला एक कोटी क्रम तपासणारा कॉम्प्युटर ४८ सेकंदांत हे उरकेल. पण शेड २० झाल्या तर त्याच कॉम्प्युटरला साधारण ७,७०० वर्षं लागतील. याच घराण्यातलं प्रसिद्ध कोडं म्हणजे फिरत्या सेल्समनचं, सगळी गावं एकेकदा करून कमीत कमी अंतरात घरी परतायचं. अशी कोडी सगळीच झटपट सोडवणारी एखादी पद्धत असू शकते का, हा 'पी विरुद्ध एनपी' प्रश्न. पी म्हणजे झटपट सुटणारी कोडी, एनपी म्हणजे ज्यांचं उत्तर कुणी हातात दिलं तर ते झटपट तपासता येतं अशी; दोन्ही एकच की वेगळी, एवढाच वाद. गणितज्ञ स्टीफन कुकने तो १९७१ मध्ये मांडला आणि अमेरिकेतल्या क्ले या गणित संस्थेने २००० साली त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं.

नवीन नवीन असताना मी एक्सेलमध्ये ऑर्डरच्या तारखांप्रमाणे क्रम लावला आणि तो घेऊन ऐटीत खाली गेलो. आमचे डाईंग मास्तर, घरी तेलुगू आणि खात्यात सोलापुरी मराठी बोलणारे, कागदावर नुसतं बोट ठेवून म्हणाले, "साहेब, मरूननंतर बेबी पिंक? टाकी कोण धुणार, तुम्ही का?" मी हट्टाने तसंच लावलं. धुणं घाईत झालं आणि गुलाबी टॉवेलांच्या सुताचा तो लॉट मळकट जांभळट निघाला. परत रंगवून नेव्ही ब्लू केला, दुसरा इलाज नव्हता. मास्तरांचा नियम एका ओळीचा आहे: फिकट आधी, गडद नंतर, शनिवारी टाकी धुवायची. तो सगळ्यात स्वस्त क्रम नसेल, पण जवळपास असतो. कारखाना 'जवळपास'वर चालतो.

आता पी आणि एनपी एकच निघाले तर? मला विचाराल तर प्रसिद्ध प्रश्नांपैकी हा एकच असा आहे की ज्याच्या उत्तराने खरंच उलथापालथ होऊ शकते. माझं टेबल, बसचे मार्ग, बँकांची कुलपं, सगळ्यालाच धक्का. पण त्यालाही अट आहे. पद्धत हातात यायला हवी आणि ती वापरता येईल इतकी वेगवान हवी. 'अशी पद्धत असते' एवढंच कुणी सिद्ध केलं, किंवा २० शेडसाठी २० चा शंभरावा घात एवढ्या पायऱ्या लागणारी पद्धत दिली, तर ती ७,७०० वर्षं परवडली म्हणायची. आणि बहुतेक तज्ज्ञांना वाटतं तसं दोन्ही वेगळे निघाले, तर दुसऱ्या दिवशी साडेआठला मी तोच कागद घेऊन बसलेला असेन.

हे हवेत बोलत नाही, असं घडून गेलंय. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एक जुना प्रश्न सोडवला: संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि पूर्ण खात्रीने ओळखता येतं का? येतं. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. जगभर नाव झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण कुलपं बनवणारे अजूनही बहुतेक करून १९७० च्या दशकातली मिलर-राबिन चाचणीच वापरतात. तिच्यात चुकीची शक्यता हवी तितकी कमी करता येते आणि ती पळते कितीतरी जोरात.

त्याहून मला आवडते ती लिनिअर प्रोग्रॅमिंगची हकिकत. मर्यादित माल, मर्यादित तास, जास्तीत जास्त नफा, या जातीच्या गणितांना १९४७ पासून डँटझिगची सिम्प्लेक्स पद्धत होती. व्यवहारात उत्तम, पण मुद्दाम रचलेल्या उदाहरणांवर तिचा दम निघतो हे १९७२ मध्ये दिसलं. मग मुळात झटपट पद्धत असते तरी का? १९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या खाचियानने दाखवलं की असते. अमेरिकेत तर पेपरात छापून आलं की आता सेल्समनचं कोडंही सुटलं. तेही चूक, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपसारखंच. प्रत्यक्षात खाचियानची पद्धत इतकी संथ होती की जुनी सिम्प्लेक्सच तिच्या पुढे पळायची. १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये नरेंद्र करमरकरांनी, ग्वाल्हेरच्या मराठी घरातला माणूस, आयआयटी मुंबईचा विद्यार्थी, कागदावरही झटपट आणि मशीनवरही पळणारी पद्धत काढली. पाच वर्षांपूर्वी 'सुटलेला' प्रश्न कामाला आला तो तेव्हा. तिच्या धक्क्याने सिम्प्लेक्सवाल्यांनीही आपली सॉफ्टवेअर घासूनपुसून घेतली. आज मोठ्या कंपन्यांच्या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही घराणी शेजारी शेजारी बसलेली असतात.

आणि गंमत म्हणजे पी-एनपीचा निकाल लागलेला नसताना, २००६ मध्ये ८५,९०० ठिकाणांचं एक सेल्समन-कोडं पूर्ण अचूक सोडवलं गेलं. तेही अशी लिनिअर प्रोग्रॅमिंगची गणितं पुन्हा पुन्हा सोडवूनच. प्रत्येक कोडं सुटेल याची हमी नाही, पण हे सुटलं. त्याच्यापुढे माझ्या २० शेड म्हणजे चहा गाळण्याइतकं काम, फक्त बदलाच्या खर्चाचा तक्ता कुणीतरी धड भरायला हवा. तोच कुठे भरलेला नसतो. सध्या रोज थोडा थोडा भरतोय, मास्तर सांगतात आणि मी लिहितो.

रशियन गणितज्ञ पेरेलमनने आकारांच्या गणितातलं पॉइनकारेचं प्रसिद्ध कोडं सोडवलं (सिद्धता २००२-०३ ची, २०१० मध्ये क्लेचे दहा लाख डॉलरही नाकारले), त्याने कुठल्या कारखान्यात काही बदललेलं मला तरी माहीत नाही. त्याचं दुःख वाटून घ्यायचं कारणही नाही.

पुतण्याबद्दल. 'उपयोग काय' हे सिद्धतेच्या दिवशी विचारू नका, खाचियानलाही त्या दिवशी नीट सांगता आलं नसतं. जाऊ द्या त्याला. मात्र रीमानसारख्या एकाच डोंगरावर आयुष्य लावायचं की करमरकरांसारखं वापराजवळच्या गणितात शिरायचं, हे त्याने आधीच आपल्या मार्गदर्शकांशी बोलून घ्यावं, कारण दोन्हींची तयारी वेगळी आणि नोकऱ्याही वेगळ्या. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला त्याला सोलापूरला आणलंत तर कळवा. रंगखातं दाखवतो, आणि एखाद्या जुन्या, नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावरची भोकांची पुठ्ठ्याची कार्डंही. भोक असलं तर ताणा (उभा धागा) वर, नसलं तर खालीच. एकोणिसाव्या शतकात कॉम्प्युटरसारख्या यंत्राची कल्पना मांडणाऱ्या इंग्रज बॅबेजने आपल्या यंत्रासाठी कार्डांची कल्पना तिथूनच उचलली होती.